मिनिटाचे मोल : दूरध्वनीच्या दरांनी घडविलेल्या आपल्या सवयी

युद्धांचा इतिहास लिहिला जातो, राजवटींचा लिहिला जातो, चर्चवास्तूंचा आणि किल्ल्यांचा लिहिला जातो. दरपत्रकांचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. नवा दर लागू झाला की जुने दरपत्रक रद्दीत जाते आणि त्या दराने लावलेल्या सवयीही हळूहळू विस्मरणात जातात. वास्तविक समाजाच्या रोजच्या वागणुकीवर अशा कागदांचा प्रभाव फार खोलवर होत असतो. गेल्या अर्धशतकात आपण आप्तस्वकीयांशी केव्हा बोललो, किती बोललो, कोणत्या लिपीत लिहिले आणि कुणी कुणाला फोन करावयाचा, या साऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी दूरध्वनीच्या दराने ठरविल्या आहेत. त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : दर बदलला म्हणजे केवळ संभाषणाची लांबी बदलत नाही, संबंध टिकविण्याचा भार कुणाच्या खांद्यावर पडावा, हेही बदलते. भ्रमणध्वनीच्या तीस वर्षांत हा भार तीन वेळा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. आज तो जेथे येऊन थांबला आहे, तेथे आपल्याच घरांतील काही दुबळे खांदे आहेत.

तार आणि ट्रंक कॉल

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत १८८२ साली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे दूरध्वनी ही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचीच वस्तू राहिली. गावाकडच्या माणसाला तातडीचा निरोप द्यावयाचा तर तार हाच मार्ग होता. तारेचा आकार शब्दांच्या हिशेबाने पडे, म्हणून तारेची भाषा हाडकुळी झाली. क्रियापदे गळाली, विशेषणे तर कुणाला परवडतच नव्हती. सणासुदीच्या शुभेच्छांसाठी डाक-तार खात्याने ठरावीक वाक्ये तयार करून त्यांना क्रमांक दिले होते. त्यांत नाताळच्या शुभेच्छांचाही समावेश होता. अशी तार स्वस्त पडे. पण एरवी तार येई ती बहुधा मरणाची किंवा गंभीर आजाराची. त्यामुळे तारवाला फाटकाशी दिसला की आत स्त्रियांचा जीव खालीवर होई. साध्या कुशलासाठी कुणी तार करीत नसे, याचे कारण दरात होते. आणि तारेची भीती वाटे, याचेही कारण दरातच होते. ही तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली.

परगावच्या फोनसाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे. त्याचा आकार तीन मिनिटांच्या हिशेबाने होई. साधा कॉल लागायला तासन् तास जात. घाई असेल तर अर्जंट कॉलसाठी दुप्पट आणि लाइटनिंग कॉलसाठी आठपट आकार मोजावा लागे. तीन मिनिटे भरली की ऑपरेटर मध्येच तशी सूचना देई आणि उरलेले बोलणे पत्रावर जाई. या पद्धतीने माणसांना एक सवय लावली : ओरडून बोलावयाचे, भराभर बोलावयाचे, आणि 'सगळे ठीक ना?' एवढ्यात कुशल आटोपावयाचे. आजही अनेक वयस्कर माणसे मोबाइलवर मोठ्याने व तुटक बोलतात. तरुणांना त्याचे हसू येते. ते बोलणे कोणत्या शाळेत शिकले गेले, हे त्यांनी ध्यानी घ्यावे.

ज्यांच्या घरी फोन नसे, ते शेजाऱ्याचा क्रमांक देत आणि त्यापुढे 'पी. पी.' अशी अक्षरे लिहीत. अनेक व्हिजिटिंग कार्डांवर आणि लग्नपत्रिकांवर ही अक्षरे छापलेली असत. एका घरचा फोन हा साऱ्या आळीचा फोन असे. ज्याच्या घरी यंत्र आहे, त्याने दुसऱ्याचे निरोप पोहोचवावेत, हाक मारून माणसाला बोलावून आणावे, हा शेजारधर्मच मानला जाई. फोन महाग होता, म्हणून तो सामाईक होता.

रात्री अकरानंतर

ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून थेट परगावी फोन लावण्याची सोय भारतात प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर या शहरांदरम्यान झाली. ती एस.टी.डी. सेवा खेड्यापाड्यांच्या नाक्यावर आली मात्र ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९८४ मध्ये स्थापन झालेली सी-डॉट ही संस्था आणि सॅम पित्रोदा यांचा आग्रह यांचा त्यात मोठा वाटा होता. प्रत्येक घरी फोन देणे शक्य नसले तरी प्रत्येक वस्तीत एक फोन देता येईल, हा तो विचार. पिवळ्या पाट्यांची पी.सी.ओ. केंद्रे गावोगाव उघडली. ती देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य असे आणि त्यातून कित्येकांच्या उपजीविकेची सोय झाली.

या केंद्रांत ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मीटरचे लाल आकडे पळत असत. आकडा वाढताना पाहत बोलणे हा विलक्षण अनुभव होता. मुलगा आईशी बोलत असे, पण नजर मीटरवर. त्यातच दिवसाच्या वेळेनुसार दर बदलत. संध्याकाळनंतर सवलत सुरू होई आणि रात्री अकरानंतर चौथाई दराने बोलता येई. त्यामुळे रात्री अकराच्या सुमारास पी.सी.ओ.समोर रांगा लागू लागल्या. परगावी नोकरीला असलेली मुले, हॉस्टेलमधील विद्यार्थिनी, आखाती देशांत नवरा असलेल्या बायका घड्याळाकडे पाहत उभ्या राहत. तिकडे गावात म्हातारे आईबाप झोप आवरून शेजाऱ्याच्या ओटीवर बसून राहत. रात्री अकरा ही काही मायेची नैसर्गिक वेळ नव्हे. ती खात्याच्या दरपत्रकाने ठरविलेली वेळ होती.

परदेशी फोनचा दर तर छातीत धडकी भरविणारा होता. म्हणून आखातातून आणि बोटींवरून पत्रांबरोबर ध्वनिफिती येत. तासाभराची कॅसेट भरून बोलावयाचे आणि गावी जाणाऱ्या कुणाजवळ ती द्यावयाची. घरची मंडळी ती टेपरेकॉर्डरवर पुनःपुन्हा ऐकत. ज्यांना आज मुलाचा चेहरा क्षणात पडद्यावर दिसतो, त्यांना त्या कॅसेटचे मोल सांगून कळणार नाही.

सोळा रुपयांचे मिनिट

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना भ्रमणध्वनीवरून फोन केला. भारतातील मोबाइलयुगाचा प्रारंभ या घटनेपासून मानला जातो. त्याच वर्षी मुंबईत बी.पी.एल. आणि मॅक्स टच या दोन सेवा सुरू झाल्या. गर्दीच्या वेळी मिनिटाला सुमारे १६ रुपये असा त्या वेळचा चढा दर होता. यंत्राची किंमत मध्यमवर्गीय माणसाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी होती. विशेष म्हणजे, फोन करणाऱ्याप्रमाणेच फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत.

या शेवटच्या गोष्टीचे परिणाम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. आपल्या खिशातील फोनची घंटी वाजणे म्हणजे आपल्या खिशातून पैसे जाणे, असे समीकरण झाले. साहजिकच लोक आपला मोबाइल क्रमांक जपून ठेवीत. तो फक्त अगदी जवळच्यांना किंवा मोठ्या गिऱ्हाइकांनाच दिला जाई. पडद्यावर क्रमांक पाहून फोन तोडावयाचा आणि जवळच्या साध्या फोनवरून उलट फोन करावयाचा, ही रीत पडली. ज्यांना तेवढेही परवडत नसे, त्यांनी काही काळ पेजर बाळगला; पेजरवर निरोप येई आणि उत्तरासाठी पी.सी.ओ. गाठावा लागे. म्हणजे बोलण्याचा भार या काळात दोघांवरही होता आणि तो इतका जड होता की बहुतेकांनी बोलणेच टाळले. 'ठेव, घरून करतो' हे त्या काळातील मोबाइलवरचे सर्वांत प्रचलित वाक्य असावे.

दर चढे राहण्याचे एक कारण परवान्यांत होते. कंपन्यांनी परवान्यांसाठी मोठमोठ्या ठरावीक रकमा देऊ केल्या होत्या. त्या वसूल करण्यासाठी मिनिट महाग करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. दरांवर देखरेख ठेवण्यासाठी १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी कंपनीच्या उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. त्यानंतर महानगर टेलिफोन निगम आणि पुढे ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगम या सरकारी कंपन्या मोबाइलच्या क्षेत्रात उतरल्या. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सची सेवा आली. फोन पोस्टकार्डापेक्षा स्वस्त व्हावा, ही धीरूभाई अंबानींची मनीषा त्या वेळी जाहिरातींतून घरोघरी पोहोचली. स्पर्धेने दर कोसळू लागले.

दर महाग असतानाही जेथे फोनचा उपयोग पैशात मोजता येत होता, तेथे मात्र तो गरिबांच्याही हाती गेला, हे येथे नमूद केले पाहिजे. १९९७ नंतर उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल सेवा आली. तारली पकडणारे मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारू लागले आणि जेथे गिऱ्हाईक असेल तेथे होडी वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकाअभावी मासळी फेकून देण्याचे प्रमाण जवळजवळ संपले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळू लागली, असे त्याला आढळले. कोळीवाड्यांशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. दोन वाक्यांचा फोन होता. पण त्याने टोपलीभर मासळी वाचत होती.

मिस्ड कॉलचा अलिखित कायदा

मे २००३ मध्ये फोन घेणाऱ्यावरील आकार गेला. यापुढे पैसे फक्त फोन करणाऱ्याचे. भार एका बाजूला गेला आणि आपल्या समाजाने त्यावर आपली तोड काढली. ती म्हणजे मिस्ड कॉल. घंटी वाजवावयाची आणि समोरच्याने उचलण्याआधी तोडावयाची. कंपनीचे जाळे वापरले जाई, निरोप पोहोचे, पैसा मात्र कुणालाच पडत नसे.

या घंटीची एक भाषा तयार झाली. एक घंटी म्हणजे 'सुखरूप पोहोचलो'. दोन म्हणजे 'खाली ये, मी आलो आहे'. लागोपाठ तीन-चार म्हणजे 'काहीतरी निकडीचे आहे, ताबडतोब फोन कर'. हे संकेत घराघरांत वेगळे असत आणि ते कुठे लिहिलेले नसत. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते बिनचूक कळत.

परंतु भाषेपेक्षा महत्त्वाचा होता त्यामागचा कायदा. मिस्ड कॉल कुणी कुणाला द्यावा, याचे नियम काटेकोर होते. मुलाने बापाला द्यावा. कमावत्या मुलाला आईने द्यावा. धाकट्याने थोरल्याला, कामगाराने मुकादमाला द्यावा. उलट घडले तर ते हलकेपणाचे मानले जाई. पगारदार माणसाने बेकार मित्राला मिस्ड कॉल दिला तर त्याची चेष्टा होई. लग्न ठरलेल्या मुलाने वाग्दत्त वधूला मिस्ड कॉल दिला तर तिच्या घरी भुवया उंचावत. थोडक्यात, ज्याला परवडते त्याने उलट फोन करावा, हा नियम कुणी व्यासपीठावरून न सांगता सर्वांनी मान्य केला होता.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. आफ्रिकेतील अनेक देशांत हीच रीत होती. रवांडातील या प्रथेवर जॉनथन डोनर या संशोधकाने २००७ साली निबंध लिहिला. तेथेही ऐपतदाराने खर्च सोसावा हाच संकेत त्याला आढळला. दक्षिण आफ्रिकेत २००१ पासून 'कृपया मला फोन करा' असा फुकट संदेश पाठविण्याची सोय कंपनीनेच दिली. इटलीसारख्या संपन्न देशातील तरुणही एकमेकांना अशी घंटी देत. जेथे जेथे बोलणे महाग व घंटी फुकट होती, तेथे तेथे माणसाने हीच वाट शोधली.

आपल्याकडे या सवयीचा उपयोग पुढे इतरांनीही करून घेतला. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाला पाठिंबा दर्शविण्यासाठी लोकांकडून मिस्ड कॉल मागविले गेले. बिहार आणि झारखंडातील ज्या खेड्यांत वीज नव्हती व दूरदर्शनसंचही पोहोचला नव्हता, तेथे हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीने 'कान खजूरा तेशन' सुरू केले. ठरावीक क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की उलट फोन येई आणि गाणी व विनोद फुकट ऐकावयास मिळत; मधूनमधून जाहिरात असे. गरिबांची काटकसर ही अशा रीतीने व्यापाऱ्याचे साधन झाली.

सेकंदाचा पैसा आणि सणाचा संदेश

२००४ साली मोबाइलधारकांची संख्या स्थिर दूरध्वनींच्या पुढे गेली. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर कोठेही मिनिटाला १ रुपया हा दर आणला आणि रात्री अकराची रांग इतिहासजमा झाली. अंतराचे मोल संपले; पण मिनिटाचे मोल शिल्लक होते. ६१ सेकंद बोलणाऱ्याला दोन मिनिटांचे, म्हणजे २ रुपये पडत. त्यामुळे ५५ सेकंद झाले की बोलणे आवरते घेण्याची आणि वाक्य अर्धे टाकून फोन तोडण्याची सवय लागली. २००९ च्या मध्यास टाटा डोकोमोने सेकंदाला १ पैसा हा हिशेब आणला. तेच ६१ सेकंद आता ६१ पैशांत पडू लागले. इतर कंपन्यांना काही महिन्यांत तिचे अनुकरण करावे लागले. वाक्य पूर्ण करण्याची मुभा माणसाला मिळाली, ती अशी.

याच काळात दहा रुपयांचा रिचार्ज पानाच्या टपरीवर मिळू लागला. कर आणि प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण दहा रुपयांचे बोलणे हाती पडत नसे. मोठ्या रकमेच्या रिचार्जवर 'फुल टॉकटाइम'ची सवलत असे. म्हणजे ज्याच्यापाशी एकदम पैसे नव्हते, त्याला तेच बोलणे महाग पडे. तरीही रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ही छोटी पुडी सोयीची होती. मजुरी मिळाली त्या दिवशी रिचार्ज, एरवी मिस्ड कॉल, असे त्याचे अर्थशास्त्र होते. दोन सिमकार्डे घेणारे फोनही त्यासाठीच खपले : एक कार्ड स्वस्त दराने बोलावयाचे, दुसरे ओळखीच्या क्रमांकाचे.

लेखी संदेशाची कथा तर भाषाप्रेमींनी ध्यानात ठेवावी अशी आहे. रोमन अक्षरांत एका एस.एम.एस.मध्ये १६० चिन्हे बसतात. देवनागरीत मात्र केवळ ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण ही प्रत्येकी स्वतंत्र मोजली जाते. 'ख्रिस्त' हा आपल्याला दोन अक्षरांचा वाटणारा शब्द यंत्राच्या हिशेबी सात चिन्हांचा होतो. म्हणजे तोच मजकूर देवनागरीत लिहिला तर दुप्पट-तिप्पट संदेशांचे पैसे पडत. शिवाय अनेक यंत्रांत देवनागरीची सोयच नसे. परिणामी एक सबंध पिढी मराठी रोमन लिपीत लिहू लागली आणि तीही स्वर गाळून. आपल्या मुलांच्या मराठी लेखनाविषयी आपण जी तक्रार करतो, तिचे मूळ शोधताना या ७० चिन्हांचाही विचार झाला पाहिजे.

कंपन्यांनी संदेशांचे स्वस्त संच काढले. पण दिवाळी, नाताळ आणि नववर्ष अशा दिवशी ते संच चालत नसत व प्रत्येक संदेशाला पूर्ण दर पडे. सणाच्या दिवशी शुभेच्छांचा ओघ वाढणार, हे ठाऊक असल्यामुळेच ही योजना होती. लोकांनी त्यावरही तोड काढली. नाताळच्या शुभेच्छा २३ किंवा २४ डिसेंबरलाच येऊ लागल्या. मध्यरात्रीच्या मिस्साआधीच ख्रिस्तजन्माचे अभिनंदन करण्याची घाई भक्तीची नव्हती. ती दरपत्रकाची होती.

फुकट बोलणे

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. बोलणे पूर्णपणे फुकट आणि पैसे केवळ इंटरनेटच्या डेटाचे, ही तिची मांडणी होती. आणि प्रारंभीचे काही महिने तर डेटाही फुकट होता. परिणाम आकड्यांतच पाहावा. ट्रायच्या अहवालानुसार २०१४ साली एका जीबी डेटामागे कंपन्यांना सरासरी सुमारे २६९ रुपये मिळत. २०१८ साली ते उत्पन्न ११ रुपये ७८ पैशांवर आले. याच चार वर्षांत देशातील मोबाइल डेटाचा वार्षिक वापर ८२.८ कोटी जीबींवरून सुमारे ४,६४० कोटी जीबींवर गेला. किमतीने माणसाच्या सवयी कशा बदलतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

बोलणे फुकट झाले आणि मिस्ड कॉलची भाषा काही वर्षांत मृत झाली. गंमत अशी की ती शेवटी वापरली ती खुद्द कंपन्यांनीच, असा आरोप झाला. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला तर पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे ठरावीक पैसे देई. २०१७ पासून हा दर ६ पैसे होता. २०१९ मध्ये फोनची घंटी किती सेकंद वाजावी यावरून वाद झाला. घंटी लवकर तोडली की समोरचा माणूस उलट फोन करतो आणि पैसे देण्याऐवजी मिळतात, असा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांनी घेतला. अखेर १ नोव्हेंबर २०१९ रोजी ट्रायने मोबाइलची घंटी ३० सेकंद आणि स्थिर दूरध्वनीची ६० सेकंद वाजली पाहिजे, असा आदेश काढला. कॉलेजातल्या पोराची युक्ती नियामकाच्या दप्तरी नोंदली गेली. २०२१ च्या जानेवारीपासून कंपन्यांमधील हा आकारही शून्य झाला.

मिस्ड कॉल गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. तो गरजेतून जन्मला होता. पण त्याबरोबर 'ज्याला परवडते त्याने उलट फोन करावा' हा नियमही निघून गेला. आता सर्वांनाच परवडते, असे आपण गृहीत धरले. फोन कुणीही करू शकतो, म्हणून तो कुणीच करीत नाही, अशी स्थिती अनेक घरांत दिसते. कर्तव्याची आठवण करून देणारी ती तुटकी घंटी आता वाजत नाही. शुभेच्छांची चित्रे मात्र रोज सकाळी येतात. ती पाठविण्यास काही पडत नाही आणि ती मिळाल्याने काही मिळत नाही.

उंबरठ्याचे भाडे

सर्वांना परवडते, हे गृहीतकही खरे नाही. २००५ च्या अखेरीस कंपन्यांनी 'लाइफटाइम' योजना आणल्या होत्या. एकदा रक्कम भरली की पुढे रिचार्ज न करताही येणारे फोन घेता येत. लक्षावधी वृद्धांनी, विधवांनी आणि मजुरांनी या सोयीवर फोन बाळगला. त्यांना फोन करावयाचा नव्हता. मुलांचा फोन यावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. बोलणे स्वस्त झाल्यावर अशा ग्राहकापासून कंपनीला काहीच उत्पन्न उरले नाही. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. न केल्यास आधी जाणारे आणि मग येणारे फोनही बंद. खात्यात पुरेशी रक्कम असलेल्यांची सेवा लगेच तोडू नये, असे ट्रायला त्या वेळी बजावावे लागले.

तेव्हापासून हा किमान आकार चढतच गेला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा किमान मासिक संच १९९ रुपयांचा झाला. महिना २८ दिवसांचा धरल्याने वर्षात बारा नव्हे, तर तेरा रिचार्ज होतात. म्हणजे या दराने वर्षाला २,५८७ रुपये. ज्या आजीला इंटरनेट म्हणजे काय हे ठाऊक नाही, तिलाही त्या संचातील डेटाचे पैसे मोजणे भाग होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि संदेश यांचे स्वतंत्र संच देणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी ८४ दिवसांचे आणि वर्षभराच्या आसपासच्या मुदतीचे संच आणले. नियम स्वागतार्ह आहे. परंतु दहा रुपयांच्या पुडीवर जगलेल्या माणसाला तीन महिन्यांचे पैसे एकदम काढणे जड जाते, हेही तितकेच खरे आहे.

इतिहासाचे वळण येथे स्पष्ट दिसते. प्रथम फोनचा भार बोलणाऱ्या व ऐकणाऱ्या दोघांवर होता. नंतर तो फक्त बोलणाऱ्यावर आला आणि समाजाने तो ऐपतदाराकडे वळविला. आता बोलण्याला मोल नाही. मोल आहे ते दार उघडे ठेवण्याचे. दिवसभर बोलणारा तरुण आणि महिन्यातून एकदा मुलाचा आवाज ऐकणारी आई, दोघांनाही उंबरठ्याचे भाडे जवळजवळ सारखेच पडते. ज्याचा वापर सर्वांत कमी, त्याला प्रत्येक शब्द सर्वांत महाग पडतो. आणि भाडे चुकले तर दंड तिला होतो, पण ते कळते मुलाला. फोन लावल्यावर 'या क्रमांकाची सेवा तूर्त बंद आहे' असे ऐकू येते तेव्हा.

वाचकहो, दरपत्रक आपल्या हाती नाही. ट्रायच्या दारी ग्राहकांनी आपली गाऱ्हाणी न्यावीत, लहान मुदतीचे व लहान रकमेचे केवळ बोलण्याचे संच मागावेत, हे योग्यच आहे. पण एक गोष्ट आपल्या हाती आजही आहे. फोन महाग असताना आपल्या वाडवडिलांनी शेजाऱ्याला ओटीवर बसवून आपल्या यंत्रावर बोलू दिले. मिस्ड कॉलच्या काळात कमावत्या माणसाने उलट फोन केला. आपल्या वस्तीत, आपल्या धर्मग्रामात एकटे राहणारे वृद्ध कोण आहेत आणि त्यांच्या फोनची मुदत केव्हा संपते, हे ठाऊक असणे फारसे कठीण नाही. त्यांचा रिचार्ज आपल्या मोबाइलवरून एका मिनिटात होतो. तो झाल्यावर त्याच क्रमांकावर फोनही करावा. बोलण्यास आता काहीच पडत नाही.